फोटोसोबत तुमच्या घराचा पत्ता तर जात नाही ना? फोटोतलं लोकेशन असं बंद करा

लोणार सरोवरावर गेलात, काठावर उभं राहून फोटो काढला. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर त्या फोटोच्या फाइलमध्ये साधारण १९.९८ उत्तर आणि ७६.५१ पूर्व असे आकडेही सेव्ह होतात. तारीख, वेळ आणि मोबाइलचं मॉडेलसुद्धा. या लपलेल्या माहितीला एक्झिफ डेटा म्हणतात.

लोणारचा पत्ता सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. पण तोच कॅमेरा घरात, होस्टेलच्या रूमवर किंवा शेतातही हेच करतो. फाइलमध्ये हे आकडे बऱ्याचदा दशांश चिन्हानंतर चार किंवा जास्त अंकांपर्यंत असतात. चौथ्या अंकातला फरक म्हणजे जमिनीवर फक्त ११ मीटरच्या आसपास. म्हणजे गाव तर कळतंच, घरही कळू शकतं. एखादा मुलगा त्रास देत असेल आणि मुलीने रूमचा पत्ता लपवला असेल, तर एक फोटो पुरेसा आहे.

लोकेशन कधी जातं, कधी जात नाही?

- व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर लोकेशन काढून टाकलं जातं.
- तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते, सोबत लोकेशनही जाऊ शकतं. वाढदिवसाच्या बॅनरसाठी "डॉक्युमेंटमध्ये टाक, क्वालिटी जाते" असं दुकानदार म्हणतो, तेव्हा हे लक्षात ठेवा.
- ब्लूटूथ किंवा केबलने फोटो दिला तरी मूळ फाइलच जाते.
- स्क्रीनशॉटमध्ये हे लोकेशन नसतं.

आधी तपासा

गुगल फोटोजमध्ये फोटो उघडा आणि वर सरकवा. नकाशा दिसला तर त्या फोटोला लोकेशन जोडलेलं आहे.

बंद कसं करायचं?

१. अँड्रॉइड: कॅमेरा उघडा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'लोकेशन टॅग्ज' किंवा 'सेव्ह लोकेशन' बंद करा. नाव कंपनीप्रमाणे थोडं वेगळं असतं.
२. आयफोन: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, आणि तिथे 'नेव्हर' निवडा.

लक्षात ठेवा, याने फक्त पुढचे फोटो सुरक्षित होतात. जुन्या फोटोंमधलं लोकेशन तसंच राहतं. जुना फोटो मूळ फाइल म्हणून द्यायचाच असेल तर आयफोनवर शेअर करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करा. अँड्रॉइडवर सोपा उपाय म्हणजे स्क्रीनशॉट काढून तो पाठवणे.

आणि हो, मागे घराची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसत असेल तर कोणतीही सेटिंग कामाची नाही. आधी फोटो क्रॉप करा.

कोणी पाठलाग करत असेल तर?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मुलीचा पाठलाग करणं, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार cybercrime पोर्टलवर म्हणजेच राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. तातडीची गरज असेल तर ११२ डायल करा.