पकलची बंदूक नेमकी कुठे अडली?

जेम्स पकल हा लंडनचा वकील, लेखकही. बंदुका बनवणं हा काही त्याचा पेशा नव्हे. तरी १७१८ साली त्याने तिपाईवर ठेवायच्या, हाताने सिलिंडर फिरवायच्या बंदुकीचं पेटंट घेतलं. ख्रिश्चनांवर गोल गोळ्या, तुर्कांवर चौकोनी! वाचणारे बहुधा या विक्षिप्तपणावरच थांबतात. तुम्ही पुढचे आकडे बघा. १७२२ मध्ये भर पावसात तिने ७ मिनिटांत ६३ बार काढले, म्हणजे मिनिटाला ९. साध्या मस्केटचे जेमतेम ३ व्हायचे. तरीही सैन्याने ती घेतली नाही. सुटे भाग घडवणं किचकट, आणि ठिणगी जुन्या चकमकीचीच. कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या सिलिंडरच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं, तेव्हा चकमकीऐवजी पर्कशन कॅप हाताशी होती. पकल १७२४ मध्येच वारला होता.