गलाईच्या निमित्ताने शिकलेला दक्षिणी स्वयंपाक

आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील आणि शेजारच्या खटाव, माण तालुक्यांतील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी दक्षिणेत जाऊन राहतात, हे आपल्या मंडळातील कोणालाही नव्याने सांगावयास नको. येथील निम्म्या घरांतून कोणी ना कोणी तिकडे आहे किंवा राहून आलेले आहे. खानापूर, तासगाव, खटाव आणि माण हे तालुके पूर्वी एकाच सातारा जिल्ह्यात होते व आटपाडी औंध संस्थानात होती. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले. नावे बदलली, तरी पाऊस दोन्हीकडे तेवढाच पडत राहिला, म्हणजे फारसा पडेनासाच. माणसे दक्षिणेस गेली ती यामुळेच.

गलाई म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगते. जुने मोडीचे दागिने आणि सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची माती घ्यावयाची, ती मुशीत घालून भट्टीवर वितळवावयाची, तेजाबाने इतर धातू वेगळे करावयाचे आणि शुद्ध सोने किंवा चांदी करून द्यावयाची. काम धुराचे, उष्णतेचे व मोठ्या विश्वासाचे आहे. ज्या गावात सराफ बाजार, त्या गावात आपला गलाईवाला. तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक, कोठेही जा, विटा, भाळवणी, लेंगरे, मायणी अशी गावांची नावे सांगणारे भेटतात.

पण हा इतिहास जेव्हा सांगितला जातो, तेव्हा तो भट्टीचा व दुकानाचा असतो. त्या परमुलखात चूल कोणी पेटविली, लेकरांना काय खाऊ घातले व ते कोणाकडून शिकून घेतले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. ही हकीकत बायकांची आहे. आपल्या स्मरणिकेत तरी ती यावी, म्हणून हे चार शब्द.

आमचे सासरे सांगत की, त्यांच्या वेळी पुरुष एकटेच जात. दुकानातच मुक्काम, पाळीपाळीने स्वयंपाक, आणि गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर ज्वारीचे पीठ व शेंगदाण्याची चटणी. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या भावकीतील आणखी घरे बाहेर पडली व पुढे बायका-मुलेही जाऊ लागली. मी लग्न होऊन कुंभकोणमला गेले, तेव्हा मला सातवीपर्यंतचे मराठी येत होते आणि तमिळ एक अक्षरही येत नव्हते. कुंभकोणम हे कावेरीच्या काठचे गाव. भोवती सगळी भातशेती. तेथे भाकरीवर निर्वाह होण्यासारखा नव्हता. शिकणे भाग होते.

ज्यांच्या वाड्यात आम्ही भाड्याने राहत होतो, त्या घरच्या वृद्ध बाईंना सगळे पाट्टी म्हणत. पाट्टी म्हणजे आजी. घर कडक शाकाहारी होते आणि आमच्या घरी रविवारी मटण शिजत असे. त्यामुळे पहिले काही महिने मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून पाहत असे. त्या एकेक वस्तू उचलून दाखवीत व नाव सांगत. उप्पु म्हणजे मीठ, पुळी म्हणजे चिंच. पुढे एकदा वीज गेली, ग्राइंडर बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी घरात कार्य होते. दगडी आट्टुक्कल होते, पण सुनेच्या मनगटात ते फिरविण्याचा जोर नव्हता. आमच्या माहेरी जाते होते व मी लहानपणापासून त्यावर दळलेले. पाट्टींनी मला स्नान करून यावयास सांगितले आणि आत घेतले. त्या दिवसापासून उंबरा राहिला नाही.

आत गेल्यावर कळले की, आपण ज्याला इडली-सांबार म्हणतो, तो त्या स्वयंपाकाचा एक कोपरा आहे. जेवणाचा क्रम ठरलेला. प्रथम सांबारभात, मग रसमभात, शेवटी दहीभात. इडलीला चार भाग उकडा तांदूळ व एक भाग उडीद, थोडी मेथी. उडीद वेगळा वाटावयाचा आणि पाण्यात टाकलेला थेंब तरंगला की वाटण झाले असे समजावयाचे. मग दोन्ही वाटणे हातानेच कालवावयाची. रसम खळखळून उकळू द्यावयाचे नाही, वर फेस आला की उतरावयाचे. चिंच लिंबाएवढी, त्याहून जास्त नाही. मी तिखट घालू लागले की, पाट्टी हात धरून ‘पोदुम’ म्हणत. पोदुम म्हणजे पुरे. आपल्या दुष्काळी मुलखात तिखट सढळ हाताने घातले जाते, कारण कोरड्या भाकरीला तेच तोंडी लावणे. तेथे भाताची चव तिखटाखाली झाकून जाऊ नये, एवढी काळजी. दोन्हींना ज्याचे त्याचे कारण आहे, हे मला तेथे समजले.

आता इतिहासाची गोष्ट. त्या घरात एके दिवशी वांग्याची तूरडाळीतली भाजी झाली व तिचे नाव रसवांगी असे सांगितले. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात. मग हे ‘वांगी’ कोठून आले? पुढे भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पच्चडी पानात आली. आपल्याकडे ताकातले किंवा दह्यातले डांगर कोणाला ठाऊक नाही? पिटलै नावाचे एक कालवणही तेथे करतात. त्यात बेसन नसते, कारले किंवा वांगे, डाळ, चिंच व खोबऱ्याचे वाटण असते, पण नाव ऐकताच आपल्या पिठल्याची आठवण होते. मी हे बोलून दाखविले तेव्हा पाट्टी म्हणाल्या, आमच्या सासूबाईही याच नावांनी करीत, नाव कोठचे ते आम्ही कधी विचारले नाही.

नाव कोठचे, ते तंजावरला गेल्यावर कळते. कुंभकोणमपासून ते सुमारे चाळीस किलोमीटर. शहाजीराजांचे पुत्र व शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत चालले. साताऱ्याचे राज्य त्याआधी १८४८ साली खालसा झाले होते. म्हणजे साताऱ्याची गादी गेल्यावरही काही वर्षे कावेरीकाठी भोसल्यांची गादी होती. तेथील दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांनी वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा साठा आहे, आणि राजवाड्यातील पाककृतींचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही तेथून छापले गेले आहे. राजाने पाकशास्त्र लिहवून ठेवण्याजोगे मानले, ही गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवावी.

सांबाराविषयी एक कथा आपल्याकडे फार अभिमानाने सांगतात. संभाजी महाराज तंजावरास पाहुणे गेले असता आमटीत घालावयास आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली व त्या पदार्थाला त्यांच्यावरून सांबार नाव पडले, अशी ती कथा. कथा गोड आहे, परंतु तिला त्या काळच्या कागदपत्रांचा पुरावा नाही. तेव्हा सांबार आम्हीच दिले, असे छाती पुढे काढून सांगण्याचे कारण नाही. उलट उडदाचे पदार्थ तिकडे कितीतरी जुने. शिवकोट्याचार्यांच्या दहाव्या शतकातील कन्नड ‘वड्डाराधने’त इडलीचे जुने नाव येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे ११३० च्या सुमारास, उडदाच्या पिठाची इडरिका सांगितली आहे. याच सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याने आपल्या कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी, चंद्रलेखेशी, विवाह केला होता. तेव्हा लेकी-सुनांच्या वाटेने इकडचे तिकडे व तिकडचे इकडे जाणे नऊशे वर्षांपूर्वीही होतेच. आपण गलाईवाल्यांच्या बायका त्याच वाटेने गेलो, एवढेच.

मुंबईला दक्षिणी पदार्थ पोहोचले ते मुख्यतः खानावळी व हॉटेलांतून. माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. आपल्या खेडोपाडी मात्र ते ट्रंकेतून आले. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला परतणाऱ्या सुनेने इडलीपात्र आणले, कॉफीचा फिल्टर आणला, सांबाराचा मसाला कुटून आणला आणि जावांना करून दाखविला. आपणही रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. पोंगल व संक्रांत एकाच सुमारास येतात. पाट्टींच्या घरी साखरपोंगल होई व माझ्याकडून तिळगूळ जाई. आमची शेंगदाण्याची चटणी त्यांच्या नातवांना इतकी आवडू लागली की, ती डोशाबरोबर हवीच असे.

पाट्टी आता नाहीत. मोजमाप त्यांनी कधी लिहिले नव्हते, सारे हातात होते. मी ते एका वहीत मराठीत उतरवून घेतले आणि त्यांच्या गेल्यानंतर त्यांच्या नातसुनेनेच माझ्याकडून फोनवर रसवांगीचे प्रमाण विचारून घेतले. एका घरची रीत परमुलखातून आलेल्या बाईच्या वहीत राहिली, याचा आनंद वाटतो आणि काळजीही वाटते. आता टेंभूचे पाणी आपल्याकडे आले, काही घरे परत येऊ लागली. ज्या बायका तीस-चाळीस वर्षे मदुराई, सेलम, त्रिचूर, विजयवाड्याला राहिल्या, त्यांच्याजवळ असे किती असेल! लिहिले नाही तर ते त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून माझी मंडळास विनंती आहे. या वर्षी एक जाड वही घालावी. ज्या भगिनी दक्षिणेत राहून आल्या, त्यांनी आपले गाव, ज्या घरी शिकले त्या घरच्या बाईंचे नाते, पदार्थाचे तिकडचे नाव आणि प्रमाण, एवढे त्यात लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या तोंडून शाळकरी मुलींनी लिहून घ्यावे. पुढील वर्धापनदिनापर्यंत वही भरली, तर गलाईच्या इतिहासात बायकांचेही एक पान झाले, असे म्हणता येईल. माझ्या वहीतील पहिले पान मी रसवांगीचे देत आहे.