दुष्काळ, परवाना आणि प्रतीक्षा : महाराष्ट्रातील ज्येष्ठांच्या उपभोगाचा पिढीगत इतिहास

ज्येष्ठ नागरिक काटकसरी असतात, हे विधान सर्रास केले जाते व त्यामागे वय हेच कारण गृहीत धरले जाते. कार्ल मॅनहाइम यांनी १९२८ च्या निबंधात मात्र पिढी केवळ जन्मवर्षावरून नव्हे, तर तारुण्यातील सामायिक ऐतिहासिक अनुभवातून घडते, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्राच्या संदर्भात ही दृष्टी विशेष उपयुक्त ठरते.

१९५० च्या सुमारास जन्मलेल्या ग्रामीण पिढीचे तारुण्य १९७२ च्या दुष्काळात होरपळले. खडी फोडण्याची व पाझर तलावाची कामे, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरील परदेशी लाल मिलो ही त्या पिढीची शिदोरी होय. ज्वारी-बाजरीवर पोसलेल्या घरांना मिलोची भाकरी रुचली नाही. तरी ती खावी लागली. ताटात अन्न टाकू न देणारी आजी या इतिहासाचीच साक्षीदार आहे.

शहरी मध्यमवर्गाची टंचाई निराळी होती. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. वस्तू विकत घेण्यापेक्षा 'मिळण्याची' बाब ठरली आणि मिळालेली वस्तू दुरुस्त करून वापरणे स्वाभाविक झाले. काटकसर हा शब्द येथे अपुरा वाटतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून महिन्याचे वाणसामान एकत्रित खरेदी करण्याची पद्धत रूढ केली. टंचाईतून आलेल्या सावधतेला तिने संघटित रूप दिले.

जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांची परवाना पद्धती संपविली. प्रतीक्षा संपली, सवय मात्र टिकली. २०१६ मध्ये यूपीआय आले, २०२० च्या टाळेबंदीने अनेक वृद्धांना मोबाइलवरून पैसे देण्यास भाग पाडले. तरीही दिलेली रक्कम रात्री वहीत लिहिणारे हात तेच राहिले. साधन बदलले म्हणून वृत्ती बदलली, असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने साठ वर्षांची एकच रेषा आखली. १९६६ मध्ये जन्मलेली व्यक्ती २०२६ मध्ये ती ओलांडते. परवाना पद्धती संपली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. तिची मिळकत व हप्त्यांवरील खरेदी खुल्या बाजारातच सुरू झाली. स्कूटरची प्रतीक्षा तिने केवळ वडिलांना करताना पाहिली. पाहणीच्या तक्त्यात मात्र ते वडील हयात असल्यास दोघेही एकाच रकान्यात बसतात.