बीपी, डिप्रेशन आणि विमा: नियम कसे बदलले?

"डॉक्टर, विम्याच्या फॉर्मवर बीपी लिहू का? आणि डिप्रेशनची गोळी?" फुलचूर असो वा पुणे, रुग्णांच्या मनात हा प्रश्न असतोच. त्यामागची भीती जुन्या नियमांतून आली आहे.

भारतात मेडिक्लेम १९८६ साली आला. बीपी 'आधीपासूनचा आजार' ठरे. पुढे ठरावीक प्रतीक्षेनंतर त्याला संरक्षण मिळू लागले. मानसिक आजार मात्र बहुतेक पॉलिसींतून सरळ वगळलेले असत. २९ मे २०१८ रोजी मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू झाला. त्याचे कलम २१(४) सांगते की, मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच निकषावर विमा मिळाला पाहिजे. तरीही टाळाटाळ चालू राहिली. अखेर विमा नियामकाने कंपन्यांना ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत दिली. २०२४ मध्ये आधीच्या आजारांची कमाल प्रतीक्षाही चारवरून तीन वर्षांवर आली.

म्हणून दोन्ही आजार फॉर्मवर लिहा. हप्ता कदाचित वाढेल, पण आजार लपवला तर ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसी देत नाहीत. तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका.