गरोदरपणातील आयोडीनची कमतरता

गर्भवतीच्या आहारातून आयोडीन पुरेसे न मिळाल्यामुळे तिच्या अवटू (थायरॉईड) ग्रंथीच्या कार्यात आणि गर्भाच्या मेंदूच्या वाढीत येणारी न्यूनता. थायरॉक्सिन हे संप्रेरक आयोडीनशिवाय तयार होत नाही. प्रौढ व्यक्तीला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. दिवस राहिल्यावर ग्रंथीला सुमारे दीडपट संप्रेरक तयार करावे लागते, लघवीवाटे जास्त आयोडीन निघून जाते आणि त्यातच गर्भाचा वाटाही द्यावा लागतो.

गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास भरीव काम करू लागते. तोवर मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवरच चालते. पापुआ न्यू गिनीत १९६६ पासून झालेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन गर्भधारणेपूर्वी मिळालेल्या स्त्रियांच्या मुलांत जडवामनता (क्रेटिनिझम) टळली; इंजेक्शनाच्या वेळी ज्या आधीच गरोदर होत्या, त्यांच्या काही मुलांना मात्र ती झाली. खेड्यात गरोदरपणाची नोंदणी बहुधा दोन-तीन महिने उलटल्यावर होते. म्हणून या विकाराचा विचार दवाखान्यापासून नव्हे, घरातल्या रोजच्या मिठापासून सुरू करावा लागतो.

आईला गलगंड होतो, थकवा व सुस्ती येते. कमतरता तीव्र असेल तर गर्भपात आणि मृतजन्माचा धोका वाढतो. बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. जडवामनता हे याचे सर्वांत भीषण रूप : तीव्र मतिमंदत्व, बहिरे-मुकेपण, हातापायांतील ताठरपणा, काहींत खुंटलेली उंची. सौम्य कमतरतेत बाळ दिसायला निरोगी असते. पुढे शाळेत त्याची आकलनशक्ती मागे पडू शकते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

भारतात हा प्रश्न हिमालयाच्या पायथ्याचा मानला जाई. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे हिमालयाबाहेरही असे भाग सापडले. त्यांत महाराष्ट्रातील तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा होता. नागपूर जिल्ह्यातील रामटेक भागातील आदिवासी गर्भवतींच्या अभ्यासात लघवीतील आयोडीनचे मध्यक मूल्य लिटरला १५० मायक्रोग्रॅम या किमान पातळीच्या खाली आढळले. प्रसूती जवळ येताना ते आणखी घसरले होते.

इंदापूर तालुक्यातील नीराकाठच्या निरवांगीसारख्या गावात, तसेच शेजारच्या बारामती तालुक्यात, समुद्री मासे रोजच्या जेवणात नसतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, भाजी आणि घरचे दूध हा मूळ आहार. धान्यातले आयोडीन जमिनीवर अवलंबून असते, दुधातले जनावरांच्या चाऱ्यावर आणि खनिज मिश्रणावर. बाजरीतील काही द्रव्ये अवटूच्या कामात अडथळा आणतात, असे सुदानमधील संशोधनात दिसले आहे. आयोडीन पुरेसे असेल तर त्यासाठी भाकरी सोडण्याचे कारण नाही. विहिरीचे पाणी खारट असले म्हणून त्यात आयोडीन असतेच असेही नाही. सारी भिस्त मग दुकानातून आणलेल्या मिठावर येते. जनावरांसाठी घेतलेले खडेमीठ लोणच्यात, कधी भाजीतही पडते. उपवासाला शेंदेलोण वापरले जाते. या दोहोंत बहुधा आयोडीन मिसळलेले नसते.

खाण्यासाठी बिनआयोडीन मीठ विकण्यास मे २००६ पासून देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठातील आयोडीन दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे लागते. असे १५ भागांचे मीठ रोज १० ग्रॅम खाल्ले तरी १५० मायक्रोग्रॅमच मिळतात, शिजवताना त्यातूनही काही जाते. कायद्याने योग्य ठरलेले मीठ गर्भवतीला अपुरे पडू शकते, ही गोष्ट सरकारी प्रचारात पुरेशा ठळकपणे येत नाही. मीठ वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे, उच्च रक्तदाब असलेल्या गर्भवतीला तर मुळीच नाही. दूध, दही आणि अंड्यांची जोड द्यावी, वैद्यकीय सल्ल्याने पूरक गोळी घ्यावी. गरोदरपणात सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या लोह-फोलिक आम्लाच्या गोळीत आयोडीन नसते.

मीठ बरणीत झाकून, ओल, ऊन आणि चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे व शिजवण्याच्या शेवटी घालावे. आशा सेविकांकडील तपासणी संचातील थेंब मिठावर टाकताच निळा-जांभळा रंग आला, तर त्यात आयोडीन आहे असे समजते. लघवीतील आयोडीनचे मोजमाप समूहासाठी असते. एका स्त्रीचे निदान त्यावर होत नाही, त्यासाठी रक्तातील टीएसएच (अवटू-उत्तेजक संप्रेरक) तपासतात. नवजात बाळाच्या टाचेतून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी रक्त घेऊन हीच तपासणी केली आणि दोष आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले, तर मेंदूची बरीच हानी टळते. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाचे आयोडीन आईच्या दुधातूनच येत असल्याने बाळंतपणानंतरही आईची गरज २५० मायक्रोग्रॅमच राहते.