खेळाची खतावणी

दिवाळीच्या दोन लागोपाठच्या दिवसांत आपल्या पूर्वजांनी दोन अगदी भिन्न गोष्टी शेजारी शेजारी बसविल्या आहेत. आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी व्यापारी लक्ष्मीबरोबर नव्या वह्यांची पूजा करतो. आणि दुसरा दिवस उजाडतो तो बलिप्रतिपदेचा, जिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळली आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा आहे. रात्री पै-पैचा हिशेब आणि सकाळी फासे! वरवर पाहता हा विरोध वाटतो. परंतु खेळ आणि हिशेब यांचा आपल्याकडचा संबंध पाहू लागले, म्हणजे ही शेजारणी एकमेकींना चांगल्या ओळखतात असे ध्यानात येते. हल्ली घराघरांत मोबाइलवरच्या व्हिडिओ गेमच्या खर्चावरून जे वाद होतात, त्यांनाही या ओळखीचा उपयोग होण्यासारखा आहे.

खेळापायी होणारा खर्च ही आजची तक्रार नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, कर्जे झाली. तरी फाशांचा आवाज ऐकला की याचे पाय तिकडे वळतातच. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो असा, की फासे सोड आणि शेती कर. ते फासे म्हणजे बेहड्याची फळे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात बेहडा आजही उभा आहे आणि भोवतालची माणसे आजही धानाचीच शेती करतात. तेव्हा तो वेदकालीन उपदेश इकडे फार परका वाटू नये.

वेदातल्या कवीने उपदेश केला. कौटिल्याने मात्र वही काढली. अर्थशास्त्रात त्याने द्यूतावर देखरेख करणारा स्वतंत्र अध्यक्ष सांगितला आहे. खेळ एका ठरलेल्या जागीच व्हावा, फासे सरकारी असावेत, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच अध्यक्षाने घ्यावेत. शिवाय फाशांचे भाडे, जागेचे व पाण्याचे पैसे वेगळे. माणूस खेळणारच, मग निदान तो कोठे, किती आणि कशाने खेळतो हे कोणाला तरी ठाऊक असावे, अशी ही रोखठोक दृष्टी होती. सरकारने ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या ऑनलाइन खेळांवर शेकडा २८ जीएसटी बसविला, तेव्हा कौटिल्याचे पाच टक्के किती सौम्य होते याची अनेकांना गंमत वाटली असेल.

घरातल्या खेळांची गोष्ट निराळी होती. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट असो, सारीपाट असो, की सावंतवाडीचा गोल पानांचा दशावतारी गंजिफा असो, खर्च एकदाच व्हायचा. १२० पानांचा तो गंजिफा एकदा घेतला, की वर्षानुवर्षे पुरे. मोक्षपटावर सापाने गिळले, तर पुन्हा वर येण्यासाठी कोणी पैसे मागत नसे. पुढचे दान पडेपर्यंत वाट पाहायची, एवढेच प्रायश्चित्त.

आणि बाहेरचा खेळ? त्यासाठी कोहमाऱ्याकडे यावे. सडक अर्जुनी तालुक्यातले हे गाव चौरस्त्याचे आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग येथून जातो आणि गोंदियाहून आलेला रस्ता त्याला छेदून नवेगावबांधकडे उतरतो. हा मुलूख झाडीपट्टीचा. येथे भाऊबीज आली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. हलके धान घरात येऊ लागलेले असते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दुकाने, पाळणे आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार किंवा नाटक. थंडी वाढली की शंकरपट भरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने ते थांबले होते; डिसेंबर २०२१ च्या अंतरिम परवानगीनंतर आणि मे २०२३ च्या निकालानंतर त्यांची वाट पुन्हा मोकळी झाली.

मंडईतला खर्च डोळ्यांदेखत होतो. मुलाच्या मुठीत नोट दिली, की ती पाळण्यावर गेली की खेळण्यावर, हे मूठ उघडताच कळते. मूठ रिकामी झाली की मंडई संपली. त्या मुठीला खतावणीची गरज नसते.

व्हिडिओ गेमसुद्धा आरंभी असाच होता. अमेरिकेत १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' आला आणि जपानमध्ये १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स'. यंत्रात नाणे टाकावे, डाव हरला की दुसरे नाणे काढावे. खिसा हलका होताना हाताला कळत असे. मग यंत्र घरात आले. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम निघाला आणि आपल्याकडे नव्वदीच्या दशकात त्याच्या नकला दूरदर्शन संचाला जोडल्या जाऊ लागल्या. कॅसेट एकदा विकत घ्यायची, मित्रांशी अदलाबदल करायची, आणि चालेनाशी झाली की फुंकर मारून पुन्हा बसवायची. हा पुन्हा सारीपाटाचाच व्यवहार झाला: खर्च एकदा, खेळ अनेकदा.

तिसरे पर्व मात्र निराळे. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' नावाच्या खेळात घोड्यासाठी चिलखत विकायला निघाले, किंमत अडीच डॉलर. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या खेळात पुन्हा लुटुपुटीच्या घोड्याच्या दागिन्याला खरे पैसे! लोक हसले, रागावले; आणि पुष्कळांनी ते घेतलेही. २००९ साली ॲपलने फुकट ॲपच्या आतही विक्रीची मुभा दिली, आणि खेळ फुकट नि खेळातली वस्तू विकत, हा बाजार वाढला. कोठे जास्तीचे प्राण, कोठे सैनिकाचा रंगीत वेष, कोठे न उघडता विकत घेण्याची पेटी. त्या पेटीत काय निघेल हे नशिबावर, म्हणून बेल्जियमने २०१८ साली तिला जुगारच ठरविले.

२०१६ हे वर्ष आपल्याकडे या बाजाराला मोठे फलदायी ठरले. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि सप्टेंबरात जिओ आले. स्वस्त इंटरनेट आणि बोटाच्या टोकावरचा पैसा खेड्यापाड्यांतही पोचला. कोहमाऱ्याच्या चौरस्त्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या पोराच्या हातातही जगातली मोठी मंडई आली. फरक एवढाच, की या मंडईत मूठच नाही. त्यामुळे ती रिकामी झाल्याचे कळत नाही. 'पबजी मोबाइल'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' या नावाने तो खेळ भारतात परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. पण पैज नसलेल्या खेळातली नाणी, वेष आणि वर्गणी हा त्या मनाईचा विषय नव्हे. तेथे घरालाच आपला अध्यक्ष नेमावा लागतो.

अनेक घरांत होते असे, की बाप म्हणतो, "हजारो रुपये घालवलेस," आणि मुलगा म्हणतो, "छे, कधीमधी वीस रुपये!" दोघेही खरे बोलत आहेत असे समजतात, कारण आकडा दोघांनाही ठाऊक नसतो. रोजचे वीस म्हटले तरी वर्षाचे ७,३०० होतात. धान विकून घर चालविणाऱ्याला ती रक्कम लहान नाही. आणि वर्षातून दहाच वेळा वीस गेले असतील, तर दोनशे रुपयांसाठी घरात अबोला धरण्याचे कारण नाही. भांडणापूर्वी आकडा हवा.

तो काढणे अवघड नाही. बँकेचा उतारा आणि फोनवरच्या दुकानातला खरेदीचा इतिहास समोर घ्यावा. जुन्या कारकुनांप्रमाणे आधी रोजकीर्द लिहावी: तारीख, खेळ, वस्तू, रक्कम. मग खतावणीत तीन खाती पाडावीत. पहिले कायमच्या खरेदीचे, दुसरे महिन्याच्या वर्गणीचे, तिसरे घडीभरच्या वस्तूंचे. समोर खेळलेले तास मांडावेत. दोन हजारांचा खेळ शंभर तास रमवतो, तर ताशी वीस रुपये पडले. शंभराची नाणी अर्ध्या तासात संपली, तर ताशी दोनशे. कोणता खेळ महाग, हे किमतीवरून कळत नाही, या भागाकारावरून कळते. वापरात नसलेली वर्गणी दर महिन्याला मुकाट्याने कापली जात असेल, तर तीही येथेच सापडते.

ही वही पोराच्या चुका दाखविण्यासाठी मात्र लिहू नये. तीत वडीलधाऱ्यांचे पत्तेही यावेत, पानतंबाखूही यावी आणि मंडईतल्या नाटकाची तिकिटेही यावीत. करमणुकीवर खर्च करणे हा गुन्हा नाही. तसे असते तर प्रतिपदेला साक्षात पार्वतीने फासे हाती घेतले नसते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळ्यांनी मिळून वर्षाची बेरीज करावी, पुढील वर्षी खेळाच्या खात्यावर किती घालायचे ते ठरवून पहिल्या पानावर लिहावे, आणि त्या पानावर हळदकुंकू वाहावे. मग दुसऱ्या दिवशी पाट मांडावा, किंवा फोन उघडावा. त्या दिवशी घरातल्या कोणालाही लपून खेळावे लागणार नाही.