डाव्या हाताचे शस्त्र : वाघनख व जंबिया यांविषयी एक टिपण

मराठीत डाव्या हाताला मान थोडा. 'डावे' म्हणजे कमी प्रतीचे, असाच अर्थ बहुतेक शब्दप्रयोगांतून निघतो. तथापि ज्या अर्जुनाला भारतीय परंपरेने धनुर्धरांत अग्रस्थान दिले, त्याला 'सव्यसाची' हे नाव मिळाले ते डाव्या हातानेही बाण सोडता येत असे म्हणूनच. लोकव्यवहाराने ज्या हाताला दुय्यम लेखले, त्याला शस्त्रविद्येने आवर्जून तयार केले. हा विरोध मराठ्यांच्या इतिहासातील एका अत्यंत परिचित प्रसंगाच्या मुळाशी आहे. परंतु प्रसंगाच्या भव्यतेपुढे हाताचा प्रश्न सहसा कोणी विचारात घेत नाही.

तो प्रसंग म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली अफझलखानाची भेट. कृष्णाजी अनंत सभासदाने सुमारे १६९७ मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या बखरीत पहिला वार डाव्या हातातील वाघनखाचा व दुसरा उजव्या हातातील बिचव्याचा सांगितला आहे. ग्रँट डफनेही १८२६ च्या आपल्या इतिहासात वाघनख डाव्या हाताच्या बोटांत आणि बिचवा उजव्या बाहीत ठेवला. जदुनाथ सरकारांनी हीच वाटणी स्वीकारली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त मात्र वाघनखाचा उल्लेख नाही. हे काव्य शिवाजी महाराजांच्या हयातीतले, म्हणून सभासदापेक्षा जवळचे. तेव्हा वाघनखाच्या वाराला निर्विवाद मानता येत नाही. अस्सल कागद आणि बखर यांना एकाच पायरीवर बसवू नये, हा वि. का. राजवाडे यांचा आग्रह होता. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यास वारले व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. खानदेशातील अभ्यासकाला तरी ह्या आग्रहाची आठवण करून देण्याचे कारण नाही.

असे असले तरी सभासदाने केलेली हातांची वाटणी शस्त्रविद्येच्या दृष्टीने सुसंगत आहे, आणि हाच मुद्दा येथे महत्त्वाचा. बिचवा हे टोकाचे शस्त्र. ते नेमक्या जागी, नेमक्या कोनात शिरले पाहिजे; असे काम सरावाच्या हाताचे. वाघनखाला ही नेमकी दिशा लागत नाही. त्याच्या आडव्या पट्टीला नख्या असतात, दोन टोकांच्या कड्यांत बोटे जातात आणि नख्या तळहातात दडतात. मिठीत सापडलेल्या माणसाला हात मागे घेऊन वार करण्यास जागा नसते. मूठ आवळून ओढणे एवढेच शक्य असते, आणि एवढे काम कमी सरावाचा हातही करू शकतो. खानाने डाव्या हाताने मान धरली, असे वर्णन आहे. त्याचा उजवा हात जमदाडीसह मोकळा होता. अशा पकडीत सापडलेल्याचा डावा हात प्रतिपक्षाच्या कमरेशी आपोआपच जातो. सभासदाने हा तपशील कल्पनेने रचला असेल, तर रचणाऱ्याला झोंबीचे ज्ञान होते, एवढे म्हणावेच लागेल.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत उजव्या हातात लांब तलवार व डाव्या हातात कट्यार धरण्याचा प्रघात होता. तेथे डाव्या हाताचे मुख्य काम वार अडविण्याचे. आपल्याकडे ते काम ढालीकडे होते. फरी-गदक्याच्या खेळातील फरी म्हणजे तीच ढाल. काळविटाच्या शिंगांचा माडू हा ढाल व शस्त्र यांच्या मधला प्रकार होय. वाघनखाचे वेगळेपण असे की, येथे डावा हात रक्षक न राहता पहिला प्रहार करणारा होतो.

खानदेशाचा संबंध येतो तो जंबियामुळे. हा शब्द अरबी. 'बाजू' ह्या अर्थाच्या शब्दापासून झालेला. पेशवाईच्या अखेरीस खानदेशातील गढ्या व किल्ले अरब शिबंदीने भरलेले होते. त्या काळी खानदेशात मोडणाऱ्या मालेगावच्या किल्ल्यातील अरबांनी इंग्रजांना अनेक दिवस दाद दिली नाही. दारूकोठार उडाल्यानंतर जून १८१८ मध्ये ते शरण आले. बोरीकाठच्या अमळनेरातही अशीच शिबंदी होती. ह्या लोकांच्या कमरेचे वाकडे, दुधारी शस्त्र तालमीत शिरले व 'जंबिया' ह्याच नावाने मराठी व्यायामप्रकार बनले. श्रेय एकट्या खानदेशाचे नव्हे. बडोदे, नागपूर व हैदराबाद येथेही अरबांची पथके होती. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने निर्बंध आले, आणि तालमीत लाकडी जंबियाच सोयीचा ठरला.

तालमीतील वारांची 'तमाचा', 'बाहेरा' ही नावे उजव्या हाताला धरून पडलेली आहेत. तमाचा म्हणजे चपराक. उजव्या हाताने ती समोरच्याच्या डाव्या अंगावर बसते. जंबिया डाव्या हातात घेताच सारा नकाशा उलटतो: तोच सुलट वार उजव्या अंगावर येतो आणि ठरलेली अडवणूक चुकते. डावखुऱ्या गड्याची धास्ती वाटते ती ह्यामुळे. करेल व मुद्गल दोन्ही हातांनी फिरविण्याचा तालमीतील नियम केवळ शरीर डौलदार व्हावे म्हणून नसावा. उजव्या हाताला जखम झाली अथवा तो पकडला गेला, तर उरलेला हात अगदीच अनोळखी नसावा, हा हेतूही त्यामागे दिसतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास प्रदर्शनासाठी आणले गेले. ते ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेले आहे. परंतु प्रतापगडावरचे ते हेच, असे संग्रहालयानेही निश्चित म्हटलेले नाही. ते कोणत्या हातात होते, ह्याचे उत्तर तर त्या लोखंडातून मिळणारच नाही. त्यासाठी पुन्हा सभासदाकडेच वळावे लागते.